न घेतलेली लस

माझ्या आजारपणाबद्दल दोन-चार पानं लिहून दे, असं आमच्या तालुक्याच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी दोनदा टाळलं. नव्या आशाताईंना प्रशिक्षणात वाचून दाखवायला त्यांना काहीतरी हवं होतं. ही अकरा दिवस दवाखान्यात राहून आली, ऑक्सिजनवर होती, म्हणजे धीर देणारं लिहील, असं त्यांना वाटलं असेल. धीर देण्यासारखं थोडं आहेच. पण माझं आजारपण सांगायचं तर त्याआधी बोललेलं एक खोटं सांगावं लागतं. ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून सगळंच लिहिते.

पहिला घास

आमचं गाव कुरखेड्यापासून चौदा किलोमीटरवर आहे, त्यातले शेवटचे चार जंगलातले. पासष्ट-सत्तर घरं, बहुतेक आम्हा गोंडांची. धानाची शेती, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. मी या गावची सून आणि आठ वर्षांपासून गावची आशा. गोळ्या वाटते, बाळंतिणींना दवाखान्यात नेते, आणि ज्यांना जायचं नसतं त्यांच्या ओट्यावर ठाण मांडून बसते. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं मामाजी, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. ते खरं आहे.

आमच्याकडे नवं फळ कोणी एकदम तोंडात टाकत नाही. मोह असो की आंबा, आधी पंडुम होतो. गायता देवापुढे नवं ठेवतो, पहिला घास तो खातो, मग गाव खातं. गायता म्हणजे गावाचा पुजारी, पण नुसता पुजारी नाही. पेरणी कधी धरायची, जंगलातलं काय कधी तोडायचं, हेही त्याच्या शब्दावर चालतं. पंडुम व्हायच्या आधी झाडाखाली पिकला आंबा पडला तरी आमची लहान पोरंसुद्धा तो उचलत नाहीत. बाहेरून आलेले लोक या रीतीला हसतात. मला हसू येत नाही. जे सगळ्यांच्या पोटात जाणार आहे ते आधी एका जाणत्या माणसानं खाऊन दाखवावं, यात हसण्यासारखं काय आहे?

लस आली तेव्हा गावानं तिलाही हीच रीत लावली. ग्रामसभेत मी मोबाईलवरची चित्रं दाखवत होते. रैनाबाई पुढेच बसली होती. रैनाबाई म्हणजे गायता बाबांची बायको, साठीची, बारीक अंगाची. माझं लग्न होऊन आल्यावर मोहाची फुलं कशी वाळवायची ते तिनंच मला शिकवलं, आणि माझे दोन गर्भ गेले तेव्हा माझ्या उशाशी तीच बसली होती. ती म्हणाली, "हे चित्र राहू दे पोरी. पहिले तू घे. तुले काई नाई झालं तं मी बी घेईन, मंग सारे घेतीन." बाबांनी मान डोलावली. सुईचा पहिला घास माझ्या वाट्याला आला. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला.

फेब्रुवारीतला तो दिवस

आम्हा आशांना लस आधी मिळणार होती. फेब्रुवारीत आम्ही सहाजणी एका जीपमधून तालुक्याला गेलो. चार महिन्यांपासून मी आणि माझे मालक देवराव दुसऱ्या लेकरासाठी दवाखान्याच्या फेऱ्या करत होतो. आम्हाला एक मुलगी आहे, तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या महिन्यात माझी पाळी अकरा दिवस पुढे गेली होती. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, देवरावलाही नाही. दोनदा त्याचं तोंड उतरलेलं पाहिलं होतं, म्हणून म्हटलं, पक्कं झाल्यावरच सांगू.

सुई द्यायच्या आधी तिथल्या सिस्टरनं विचारलं, दिवस गेले आहेत का. मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. त्या वेळी गरोदर बाईला लस द्यायची नाही असा नियम होता. सिस्टर म्हणाली, मग आज नको, खात्री करून पुढच्या वेळी या. झालं एवढंच. मी बाहेर येऊन बाकीच्यांसोबत बाकावर अर्धा तास बसले. कोणीच मला विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

जीपनं गावाच्या तोंडाशी सोडलं तेव्हा रैनाबाई सरपणाचा भारा टेकवून उभी होती. बहुतेक माझीच वाट पाहत होती. "दुखते का वो?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "दुखते थोडं."

आजही मला कळत नाही की मी असं का बोलले. खरं सांगितलं असतं तर पोटातलं गुपितही सांगावं लागलं असतं, हे एक. आणि गावानं सोपवलेलं काम न करता परत आले हे सांगायची लाज, हे दुसरं. रैनाबाईनं माझ्या दंडावर हात फिरवला आणि शेक घे म्हणाली. संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला माहीत झालं की आशाताईनं सुई घेतली आणि ती धडधाकट आहे.

सहाव्या दिवशी पाळी आली. मी न्हाणीत बसून रडले आणि मग कामाला लागले. आता लस घेता येत होती. तालुक्याहून दोनदा फोन आला, दोनदा मी येते म्हटलं आणि गेले नाही. सुईनं कूस वांझ होते अशी आवई उठली होती. ती खोटी आहे हे मी घरोघरी जाऊन सांगत होते, आणि रात्री स्वतः पोटावर हात ठेवून विचार करत होते की खोटी असेलच कशावरून. दुसऱ्याला समजावताना माझी जीभ सरसर चालायची. स्वतःवर पाळी आली की पाय उचलत नव्हता.

मोहाचा वास

एप्रिलच्या सुरुवातीला मोह भरात होता. पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जायचं, ऊन चढायच्या आत फुलं वेचून अंगणात पसरायची. त्या दिवसांत गावभर मोहाचा असा गोड, जड वास भरून असतो की नवख्याच्या डोक्यात चढतो. दोन दिवस मला कणकण होती. वेचायला वाकावं लागतं, म्हणून पाठ दुखत असेल असं मी धरून चालले होते. तिसऱ्या दिवशी अंगणात फुलं पसरवताना लक्षात आलं की मला वास येत नाही. ओंजळभर फुलं नाकाशी धरली. काहीच नाही. मी टोपली तिथंच ठेवली, कारण याचा अर्थ काय ते गावात फक्त मला माहीत होतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात नाकात काडी घातली आणि पंधरा मिनिटांत कळलं. बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजनचा आकडा सत्त्याऐंशी. दुसऱ्या बोटाला लावला, तरी तोच. तिथल्या डॉक्टरांनी मला रागावलं नाही की घाबरवलं नाही. फक्त गडचिरोलीला फोन लावला. देवराव दाराशी उभा होता, तोंडाला गमछा बांधून. डॉक्टरांनी विचारलं, लस घेतली आहे का. देवराव म्हणाला, हो, फेब्रुवारीतच घेतली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तो बाजूला करून दोन शब्द बोलणं काही अवघड नव्हतं. मी डोळे मिटून घेतले.

ॲम्ब्युलन्स गावावरूनच गेली. रस्त्याच्या कडेला लोक उभे होते. मी काचेतून हात हलवला. कोणी हात वर केला नाही. त्यांचा राग आला नाही मला, त्यांच्या तोंडांवरची भीती दिसत होती.

वॉर्ड

गडचिरोलीला पोहोचेपर्यंत मी अर्धवट ग्लानीत होते. पहिले तीन दिवस नीट आठवत नाहीत. पालथं झोपा, असं कोणीतरी सारखं सांगत होतं. पालथं झोपून मान दुखायची, पण श्वास थोडा सोपा जायचा. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, पालथं झोपायचा कंटाळा करू नका. आपल्याला वाटतं आपण नुसते पडलो आहोत, पण तेवढंच काम त्या दिवसांत आपल्या हातात असतं.

सकाळी सहाला चिमटा, साडेसहाला चहा, मग गोळ्या, मग पोटात सुई. डॉक्टर, सिस्टर सगळे त्या पांढऱ्या पोशाखात सारखेच दिसायचे, म्हणून त्यांनी पाठीवर पेनानं नावं लिहिली होती. जेवण मिळायचं पण चव लागत नसे, वरण आणि पाणी यांत फरक कळत नसे. माझ्या शेजारच्या खाटेवर शोभाताई होत्या. ऊर्जानगरच्या, यजमान वीज केंद्रात नोकरीला. गडचिरोलीला भावाकडे आल्या आणि इथंच आजारी पडल्या. त्या मोठ्या तोंडाळ होत्या आणि मला त्यांचा आधार वाटायचा. बरं झाल्यावर पहिल्यांदा काय खाणार याची त्यांनी यादी केली होती, रोज तिच्यात एक पदार्थ वाढायचा. सहाव्या दिवशी त्यांच्या यादीत भरल्या वांग्यांची भर पडली आणि मला अनेक दिवसांनी हसू आलं. हसताना खोकला आला, खोकताना रडू आलं, आणि सिस्टर धावत आली.

घरी रोज एकदा फोन व्हायचा. मुलगी विचारायची, आई तुझ्या नाकात नळी का आहे. मी सांगायचे, हवा पिते आहे. देवराव एकदा म्हणाला की गावात लसवाली गाडी येऊन गेली. शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडून दिवसभर बसली आणि एक माणूस गेला नाही. सगळे टोपल्या घेऊन जंगलात निघून गेले. मोहाचे दिवस आहेत म्हणून, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मोहाचं नाई. लोकं म्हणतेत, आशाताईनं घेतली अन् थे पडली. पहिला घास बाधला. बाबा तं साऱ्याइले सांगून राह्यले का कोणी घेऊ नोका म्हून." बाबा म्हणजे मामाजी. पुढे तो असंही म्हणाला की त्याचंही तेच मत आहे.

मी फोन ठेवला. माझा आजार सुईविरुद्ध साक्षीला उभा केला गेला होता, आणि ती सुई मी घेतलीच नव्हती.

पुढच्या तीन दिवसांत रैनाबाईला ताप आला. दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. तिथं नेलेली माणसं पुन्हा दिसत नाहीत असं गावात ठरून गेलं होतं, आणि मीही अजून परत आले नव्हते. पाचव्या दिवशी ती घरातच गेली. तपासणी झाली नाही, म्हणून तो कोरोनाच होता असं मी छातीठोक सांगू शकत नाही. देवरावनं ते फोनवर सांगितलं. त्या दिवशी चिमट्याचा आकडा खाली आला. सिस्टरनं विचारलं, काय झालं. मी तिला सगळं सांगितलं, फेब्रुवारीपासूनचं. सांगून मग विचारलं की रैनाबाईनं गाडीवर जाऊन लस घेतली असती तर वाचली असती का. सिस्टर म्हणाली, इतक्या थोड्या दिवसांत लस काही करू शकते असं वाटत नाही, पण सांगता येत नाही. तिनं मला खोटा दिलासा दिला नाही याबद्दल मी तिची आभारी आहे. माझ्या आजारपणातली ती मोठी मदत होती.

शोभाताईंनी सगळं ऐकलं होतं. खाटांच्या मध्ये पडदा असतो, पण पडद्याला कान असतात. त्या म्हणाल्या, "आता तू बरी हो बापा पहिले. मेली तर गावाला कोण सांगणार?" त्यांना तसंच बोलता येतं. पण मला त्या दिवशी जेवण गेलं.

घर

अकराव्या दिवशी घरी आले. चालताना दम लागायचा. चौदा दिवस वेगळं राहायचं होतं, म्हणून मामाजींनी त्यांची आतली खोली मला दिली आणि ते बाहेर मांडवात झोपू लागले. सत्तरीचा माणूस माझ्यासाठी अंबाडीची भाजी रांधून दाराशी ठेवायचा आणि बाहेरूनच विचारायचा, मीठ बरोबर आहे का. मला चव लागत नव्हती. मी रोज बरोबर आहे म्हणायचे. आणि मग हेच मामाजी अंगणात येणाऱ्या माणसाला सांगायचे की आमच्या सुनेचं काय झालं पाहा, या सुईच्या नादी लागू नका. मी आत बसून ऐकायचे. ते माझ्या मायेपोटीच बोलत होते, त्यामुळे आणखी सहन होत नव्हतं.

खोलीतून बाहेर आले त्या दिवशी मी आधी देवरावला सांगितलं. तो तेंदूच्या पानांचे पुडे बांधत होता. ऐकता ऐकता त्याचे हात थांबले. मला वाटलं, रैनाबाईबद्दल बोलेल. तो म्हणाला, "अकरा दिवस पुढं गेली होती, अन् मले सांगतली नाई?" त्याला खोट्यापेक्षा ते जास्त लागलं होतं. त्या दिवसांची आशा मी एकटीनं केली आणि एकटीनंच बुडवली, त्याला वाटाही दिला नाही. मी माफी मागितली. तो पुडे बांधत राहिला. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, गावाला सांगू नको. आपले बाबा कोणाला तोंड दाखवणार. झालं ते झालं, तुझं काम जाईल.

काम जाईल याची भीती मलाही होती. पण त्याहून मोठी भीती मामाजींची होती. त्यांना दम्याचा त्रास आहे. माझ्यासारखा ताप त्यांना आला असता तर ते ॲम्ब्युलन्सच्या रस्त्यापर्यंतही पोहोचले नसते. आणि ते लस घेणार नव्हते, का, तर मी घेतली होती म्हणून. मी गप्प राहिले असते तर त्यांचा जीव माझ्या गप्प राहण्यावर टांगलेला राहिला असता. एक माणूस गेलं होतं. त्यात माझा वाटा किती, हे मला आजही मोजता येत नाही. पण दुसरं गेलं असतं तर मोजण्यासारखं काही उरलंच नसतं.

सभा

मे संपत आला होता. तेंदूपत्त्याच्या हिशेबासाठी ग्रामसभा बसली होती. समाजमंदिरापुढे एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, सगळे अंतर ठेवून. गायता बाबा खांबाला टेकून बसले होते. रैनाबाई गेल्यापासून ते फार बोलत नसत. तेंदूचं बोलणं संपल्यावर मी उभी राहिले. लस घ्या म्हणणार असं वाटून दोघं-तिघं उठू लागले.

मी म्हटलं, मी सुई घेतली नाही. फेब्रुवारीत गेले होते, पण घेतली नाही आणि घेतली असं खोटं सांगितलं. मी आजारी पडले ती सुईशिवाय पडले.

पोटाचं कारणही सांगितलं, पुरुष बसले होते तरी. अर्धवट खरं सांगायची सवय मला आता मोडायची होती. मोठं भाषण करणार होते, ते काही झालं नाही, दम लागला म्हणून खाली बसले. कोणी ओरडलं नाही. एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली की हिच्या हातची गोळी आता कोण खाईल. मामाजी जमिनीकडे पाहत होते.

मग गायता बाबा बोलले. "माही बाई तुह्या भरोश्यावर होती," ते म्हणाले. "तुले पाहून थे थांबली. मरतवक्त बी मले म्हणे, सुई घेतली नाई थेच बरं झालं, नाई तं त्या पोरीसारखी दवाखान्यात मेली असती."

एवढं बोलून ते उठले आणि घरी निघून गेले. सभा काही न ठरवता उठली. रैनाबाईनं मला मेलेलीच धरलं होतं, हे मला तेव्हा कळलं. घरी गेल्यावर मामाजी मांडवात बसून होते. त्यांनी जेवण घेतलं नाही. मीही त्यांना मनवायला गेले नाही, मला तेवढा हक्क उरला आहे असं वाटत नव्हतं.

शाळेचा वऱ्हांडा

पाच दिवसांनी गाडी पुन्हा आली. आमच्या उपकेंद्राच्या सिस्टरला मी सगळं सांगितलं होतं. ती रागावली, वरच्यांना कळवावं लागेल म्हणाली, आणि तरी मला म्हणाली, तू वऱ्हांड्यात बस, पळू नको. मी पहिली सुई घ्यायला तयार होते. पण आजारातून उठलेल्या माणसानं तीन महिने थांबायचं असा नियम निघाला होता. म्हणजे ज्या दिवशी माझी घ्यायची तयारी होती त्या दिवशी मला ती मिळणार नव्हती. गावाला हे सांगितलं असतं तर आणखी एक बहाणा वाटला असता. सिस्टरनं स्वतः बाहेर येऊन चार लोकांना सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

अकरा वाजेपर्यंत कोणी आलं नाही. ऊन वऱ्हांड्यात आलं, आम्ही टेबल मागे सरकवलं. लोक समोरच्या कडुलिंबाखाली उभे होते, जवळ येत नव्हते आणि जातही नव्हते.

गायता बाबा आले ते धुतलेलं धोतर नेसून, पंडुमाला नेसतात तसं. सरळ खुर्चीवर बसले आणि बाही वर केली. सिस्टरनं नाव विचारलं, आधार कार्ड विचारलं, ते त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढलं. मी कागद लिहायला होते. मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुले माफ केलो असं समजू नोको. गावात पहिले खाणं हे माहं काम आहे. थे तुले द्यालेच नव्हतं पायजे."

सुई झाली. बाबा अर्धा तास बाकावर ताठ बसून राहिले, लोक त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिले. मग कडुलिंबाखालून पहिलं माणूस हललं ते मामाजी. काठी टेकत आले, मला ओलांडून सिस्टरपुढे बसले. माझ्याशी एक शब्द नाही. दंड पुढे करताना त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. त्यानंतर काही जण आले, काही घरी गेले. सगळं गाव आलं असं लिहायचा मोह होतो, पण नाही आलं. निम्म्याला पावसाळा संपेपर्यंत वेळ लागला, आणि एक-दोन घरांनी शेवटपर्यंत घेतली नाही.

जुलै

माझं काम गेलं नाही. लेखी खुलासा द्यावा लागला आणि तालुक्याच्या बैठकीत उभं राहून तो वाचावा लागला. मामाजी आठ दिवसांनी बोलले. भाजीत मीठ कमी आहे असं बोलले, आणि मला इतका आनंद झाला की मी मीठ न आणता तिथंच उभी राहिले. देवरावला आता मी पाळीचा दिवससुद्धा सांगते. तो म्हणतो, इतकं नको सांगू. बायांनी मात्र बरेच महिने माझ्याकडून गोळी घेताना आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मी त्यांना पाहू दिलं. ज्या नव्या ताया हे वाचतील त्यांनी भीती वाटली तर भीती वाटते असं सांगावं. गाव भित्र्या आशाताईला सांभाळून घेतं. मला त्याची परीक्षा घ्यायचा धीर झाला नाही, एवढंच माझं चुकलं, आणि ते फार मोठं चुकलं.

तीन महिने पुरे झाले तेव्हा धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. मी एक दिवस सुट्टी काढून आरोग्य केंद्रात निघाले. गावाबाहेरच्या वळणावर, जिथं एसटी थांबते, तिथं गायता बाबा छत्री घेऊन उभे होते. त्यांच्या शेतात त्या दिवशी रोवणी होती, बाया लावल्या होत्या, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "बाबा, तुम्ही कुठी?" एसटी आली तशी त्यांनी छत्री मिटली. गाडीत माझ्या मागच्या बाकावर बसले.

आरोग्य केंद्रात ते माझ्यासोबत आत आले. सिस्टरनं त्यांना बाहेर थांबायला सांगितलं, तर म्हणाले, "पाहाले आलो." सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पाहू द्या त्यांना. ते भिंतीला टेकून उभे राहिले. मी पदर बाजूला केला आणि दंड त्यांच्या बाजूला वळवला, त्यांना नीट दिसेल असा. सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत त्यांनी पापणी हलवली नाही. मग छत्री उचलली आणि माझी वाट न पाहता, पावसात, रोवणीला निघून गेले.